आधी ठसा वाचा, मग वेष : जुन्या वेषचित्रांच्या नोंदी ठेवणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
जुनी मुद्राचित्रे जतन करणारी संग्रहालये व ग्रंथालये,
त्यांचे नोंदणी विभाग आणि डिजिटल संग्रहांचे संपादक यांस

विषय : प्रादेशिक वेष दाखवणाऱ्या जुन्या एचिंग-चित्रांच्या नोंदी व छायाचित्रे

स. न. वि. वि.

आपल्या कपाटांत पिढ्यान्‌पिढ्या बंद असलेली वेषचित्रे आता कोणालाही घरबसल्या पाहता येतात. हे काम किती कष्टाचे आहे याची आम्हाला जाणीव आहे आणि त्याबद्दल आम्ही मनापासून ऋणी आहोत. तरीही एक गोष्ट स्पष्टपणे मांडायला हवी. चित्राखालची नोंद बहुतेक वेळा एका ओळीत आटोपते : ‘अमुक प्रांतातील स्त्री, पारंपरिक वेष, रंगीत चित्र, अठरावे शतक.’ या ओळीवर विसंबून नाटकांचे कपडे शिवले जातात, पाठ्यपुस्तकांत चित्रे छापली जातात, लोकनृत्याच्या पथकांचे पोशाख ठरतात. ओळीतला जवळजवळ प्रत्येक शब्द तपासून घ्यावा लागतो आणि तपासायला लागणारी माहिती नेमकी नोंदीत नसते.

आमची विनंती एकच आहे. चित्रातल्या वेषाचे वर्णन करण्याआधी हातातल्या कागदाचे वर्णन करा. तो कोणत्या पद्धतीने छापला, कशावरून छापला, केव्हा छापला आणि कोणी, कधी रंगवला, हे ठरल्याशिवाय वेषाबद्दल काहीही खात्रीने म्हणता येत नाही. त्याची कारणे सविस्तर लिहितो.

एचिंगमध्ये तांब्याच्या गुळगुळीत पत्र्यावर मेण, राळ आणि डांबर यांचा पातळ थर देतात, तो धुरावर काळा करतात आणि त्यावर सुईने चित्र काढतात. सुईखाली थर निघतो, तांबे उघडे पडते. पत्रा आम्लात सोडला की उघड्या रेषा खाल्ल्या जातात. ज्या रेषा फिकट हव्यात त्या थोड्या वेळाने वार्निशने झाकायच्या आणि पत्रा पुन्हा आम्लात सोडायचा; जितका वेळ जास्त, तितकी रेष खोल आणि छापल्यावर काळी. मग थर काढून रेषांत शाई भरायची, वरची शाई पुसून घ्यायची आणि ओलसर कागद ठेवून पत्रा दोन रुळांमधून दाबून काढायचा. कागद रेषांत दबतो आणि शाई उचलतो. पत्र्याच्या कडाही कागदात दबतात. ती चौकोनी दबलेली खूण म्हणजे ठशाचा पहिला दाखला.

या कृतीत चित्र उलटे उमटते, आणि वेषाचा घोटाळा इथूनच सुरू होतो. चित्रकाराने समोरचे दृश्य जसेच्या तसे पत्र्यावर उतरवले तर छापात डावे उजवीकडे जाते. म्हणून जाणते कारागीर आधी चित्र उलटे करून घेत, पण सगळेच नाही आणि प्रत्येक वेळी नाही. किमोनोचा डावा पदर उजव्यावर येतो. उजवा डाव्यावर घेतात तो मृतदेहाला नेसवताना. मोगलकाळात जाम्याचे बंद मुसलमान उजव्या बगलेखाली आणि हिंदू डाव्या बगलेखाली बांधत. उलट्या छापात पहिल्या उदाहरणात जिवंत माणूस मृताच्या वेषात दिसतो आणि दुसऱ्यात माणसाचा धर्मच बदलतो. खालची अक्षरे सरळ वाचता येतात म्हणून चित्रही सरळ आहे असे समजू नका. अक्षरे पत्र्यावर मुद्दाम उलटी कोरलेली असतात, बहुतेकदा वेगळ्या कारागिराने. खात्री करायची असेल तर तलवार कमरेच्या कोणत्या बाजूला आहे ते पाहा. लिहिणारा, शिवणारा, वाद्य वाजवणारा माणूस कोणत्या हाताने काम करतो ते पाहा. आकृत्या एकाहून अधिक असतील आणि सगळेच डावखुरे निघाले तर पत्रा उलटा उतरला आहे. नोंदीत ‘चित्राची बाजू : सरळ / उलटी / अनिश्चित’ असा एक रकाना ठेवला तरी पुढचे कितीतरी गोंधळ टळतील.

यात आणखी एक गुंता आहे. छापील चित्र समोर ठेवून दुसऱ्याने तसेच पत्र्यावर उतरवले की त्याचा छाप मूळ छापाच्या उलट येतो. म्हणजे मूळ छाप उलटा असेल तर चोरून केलेली नक्कल प्रत्यक्ष वेषाच्या बाबतीत सरळ निघू शकते. एकाच आकृतीच्या दोन प्रती एकमेकींकडे तोंड करून उभ्या दिसल्या तर कोणती आधीची हे ठरवायला निव्वळ दिशा पुरत नाही. रेषांची ताजेपणाची खूण, कागद आणि खालचा मजकूर, तिन्ही एकत्र पाहावे लागतात.

आता रेषांबद्दल, कारण सर्वांत जास्त चुका इथे होतात. दहापट भिंग घ्या आणि घागऱ्याचा किंवा झग्याचा एक तळहाताएवढा भाग निवांत पाहा. एचिंगची रेष सुरुवातीपासून शेवटपर्यंत साधारण सारख्याच जाडीची असते, टोक बोथट, कडा किंचित खडबडीत, वळणे मोकळी, कारण सुई मऊ थरावर पेन्सिलीसारखी चालते. छिन्नीने थेट धातूत कोरलेली रेष मध्ये फुगते आणि दोन्ही टोकांना सुईसारखी निमुळती होते. हा फरक पाठ्यपुस्तकातला आहे आणि बहुतेक वेळा उपयोगी पडतो. पण लोरेनमधल्या नान्सीच्या जाक कालो या एचिंगकाराने (१५९२–१६३५) मेणाच्या थराऐवजी तंतुवाद्ये बनवणारे कारागीर वापरत तसले कडक वार्निश आणि तिरक्या टोकाचे हत्यार वापरले. त्यामुळे त्याच्या एचिंगमधली रेषही फुगते आणि निमुळती होते. लोरेनच्या अमीर-उमरावांची त्याची १२ चित्रांची मालिका पाहिली की हे लक्षात येते. आब्राम बॉसने १६४५ साली एचिंगवर जे पुस्तक लिहिले त्यात याच पद्धतीचा धडा आहे. शिवाय एकाच पत्र्यावर आधी आम्लाने मांडणी करून नंतर छिन्नीने काम पुरे करणे अगदी नेहमीचे होते. अशा ठिकाणी ‘एचिंग व उत्कीर्णन’ (म्हणजे छिन्नीने थेट कोरलेले काम) असेच लिहा. एकच नाव द्यायची सक्ती करू नका.

वेषाच्या दृष्टीने रेषा वाचताना तीन सापळे असतात. पहिला पट्ट्यांचा. कापडावर समांतर रेषा दिसल्या की वर्णनात ‘पट्टेदार कापड’ येते. छाया दाखवण्याच्या रेषा उजेडाच्या भागात पोचल्या की विरतात आणि शेजारच्या हातावर, भिंतीवर, जमिनीवरही त्याच दिशेने जातात. खरे पट्टे चुणीबरोबर वळतात, चुणीच्या कडेला तुटतात, पलीकडे पुन्हा सुरू होतात आणि उजेडातही टिकतात. दुसरा सापळा ठिपक्यांचा. थराला बारीक भोके पडली किंवा तो नीट चिकटला नाही तर आम्ल नको तिथे शिरते आणि छापात काळे ठिपके उमटतात. झग्याच्या मोकळ्या भागावर पडले की ते ठिपके बुट्ट्यांसारखे दिसतात. हे ठिपके आकाराने कमीजास्त असतात, रांगेत नसतात आणि कपड्याची कड ओलांडून पार्श्वभूमीतही जातात. वर्णनात ‘बुट्टीचे वस्त्र’ लिहिण्याआधी कड ओलांडणारा एक ठिपका शोधा. सापडला तर बुट्टी नाही.

तिसरा सापळा झिजेचा आहे आणि तो सर्वांत फसवा. तांबे मऊ असते. दरवेळी शाई भरणे, पुसणे, दाबणे यांत पत्रा झिजतो. उथळ रेषा आधी जातात. आणि उथळ रेषा कुठे असतात? जाळीच्या ओढणीत, झालरीत, पारदर्शक कापडाच्या चुण्यांत, किनारीच्या बारीक कशिद्यात. सुईने थेट धातू ओरबाडून काढलेल्या रेषांची मखमली कड तर काही डझन छापांतच विरते. परिणामी सुरुवातीच्या छापात जाळीदार दिसणारी ओढणी शेवटच्या छापात साधी पांढरी दिसते आणि आपल्याकडे नेमका शेवटचा छाप असतो. काही वेळा प्रकाशक झिजलेला पत्रा दुसऱ्याकडून पुन्हा खोदून घेत असे. तो कारागीर मूळ वेष कधी पाहिलेला नसे, म्हणून तो जाळीच्या जागी जाड रेषांचे जाळे भरी. आपल्या प्रतीत बारीक कपड्यांचा भाग पोकळ आणि आकृतीच्या कडा मात्र ठळक दिसत असतील तर ‘उत्तरकालीन छाप, बारीक तपशील झिजलेले’ असे नोंदवावे. एचिंगकार वेन्सेस्लाउस होलर (१६०७–१६७७) याची १६४० सालची इंग्लंडमधील स्त्रियांच्या वेषांची मालिका २६ चित्रांची आहे. त्याच्या चांगल्या छापात हात घालायच्या फरच्या गुंडाळीवरचा केस न् केस वेगळा दिसतो : आखूड, वळलेल्या, एकमेकींवर चढणाऱ्या रेषा, मध्ये कागदाचा पांढरा रंग चमकत असलेला. झिजलेल्या छापात तीच फर नमद्यासारखी सपाट होते. होलरने सुमारे २७०० पत्रे केले आणि त्यांतले कितीतरी त्याच्या पश्चातही छापले गेले. म्हणून ‘होलर, १६४०’ एवढी नोंद अपुरी आहे. १६४० हे पत्र्याचे साल झाले. छापाचे साल त्यानंतरचे असू शकते.

आता रंग. वेषाच्या अभ्यासकाला सर्वांत आधी रंग हवा असतो आणि सर्वांत कमी भरवसा रंगाचाच असतो. एचिंग काळ्या शाईत छापले जाई आणि नंतर हाताने जलरंग भरले जात. प्रकाशक साध्या आणि रंगीत अशा दोन्ही प्रती विकत. रंगवणारे पुढ्यात एक नमुना ठेवून काम करत; एकाने लाल भरायचा, दुसऱ्याने निळा, असे हातोहात काम चाले. त्यांतले बहुतेक जण त्या प्रांतात कधी गेलेले नसत. त्यामुळे एकाच पत्र्याच्या दोन प्रतींत एकीचा घागरा लाल आणि दुसरीचा निळा सापडतो. पाच प्रतींत रंग सारखा आला तरी त्यावरून इतकेच कळते की पाचही प्रती एकाच नमुन्यावरून रंगवल्या. सोबतच्या मजकुरात रंगाचा उल्लेख असेल तरच तो पुरावा धरावा.

रंग त्याच काळातला की नंतरचा हे बऱ्याच अंशी ओळखता येते. जुना तांब्याचा हिरवा, म्हणजे जंगाल, कागद खातो; पान उलटे केले की नेमक्या हिरव्या भागामागे तपकिरी छाया दिसते. ती नसेल आणि हिरवा टवटवीत असेल तर शंका घ्या. रंग फाटलेल्या कडेत शिरला असेल, डागावरून गेला असेल किंवा घडीच्या खाचेत साचला असेल, तर तो नुकसान झाल्यानंतर भरलेला आहे. कृत्रिम अल्ट्रामरीन निळा १८२८ नंतरचा, डांबरापासून केलेले जांभळे-गुलाबी रंग १८५६ नंतरचे आणि टायटॅनियमचा पांढरा विसाव्या शतकातला. यांपैकी काही अठराव्या शतकातल्या चित्रावर दिसले तर रंगकाम मागाहूनचे. शिसे असलेले पांढरे आणि शेंदरी रंग हवेने काळवंडतात. किरमिजी आणि काही पिवळे रंग उजेडाने उडतात. म्हणून ‘फिकट तपकिरी ओढणी’ ही मुळात गुलाबी असू शकते. माऊंटखाली, म्हणजे पानाभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीखाली, झाकलेल्या कडेचा रंग अधिक ताजा राहतो. आधी तिथे पाहा.

नकलांच्या साखळीबद्दल आपल्या नोंदी बहुधा गप्प असतात. वेषचित्रांची पुस्तके एकमेकांकडून मुक्त हस्ते उचलत. चेझारे वेचेल्लिओचे १५९० सालचे व्हेनिसचे प्रसिद्ध वेषपुस्तक लाकडी ठशांचे आहे, तरी त्याला ‘एचिंग’ म्हणणाऱ्या नोंदी आढळतात. त्यातील दूरदेशीचे कितीतरी वेष ऐकीव माहितीवर आणि आधीच्या चित्रांवर बेतलेले आहेत. इस्तंबूलमध्ये राहून व्हानमूर या चित्रकाराने काढलेल्या चित्रांवरून १७१४ साली पॅरिसला १०० चित्रांचा संच निघाला आणि पुढे युरोपभर ‘तुर्की’ वेष म्हणून त्याच आकृत्या फिरत राहिल्या. याउलट रोममध्ये बार्तोलोमेओ पिनेल्लीने १८०९ साली काढलेल्या ५० चित्रांत माणसे कामात गुंतलेली दिसतात, आणि कपड्याला पडलेल्या सुरकुत्या काम करणाऱ्या शरीराच्या आहेत. एकटी उभी, पुतळ्यासारखी आकृती आणि मागे कोरा कागद असेल, तर ती दुसऱ्या पुस्तकातून आली असण्याची शक्यता पहिली धरा.

सर्वांत बोलके उदाहरण बाल्थाझार सोल्विन्सचे. अँटवर्पचा हा चित्रकार (१७६०–१८२४) १७९१ मध्ये कलकत्त्याला आला आणि तिथे १७९६ ते १७९९ या काळात त्याने २५० रंगीत एचिंग-चित्रे स्वतः पत्र्यावर उतरवून काढली. छाप मंद, मातकट रंगांचे आहेत, पण माणसे पाहून काढलेली आहेत. लंडनमधल्या एडवर्ड ऑर्म या प्रकाशकाने त्यांतली ६० उचलली आणि सोल्विन्सची परवानगी न घेता, नव्याने कोरून, गोंडस करून छापली. पुढे सोल्विन्सने पॅरिसला १८०८ ते १८१२ मध्ये चार खंड काढले. त्यांत २८८ चित्रे आणि फ्रेंच व इंग्रजी असा दुहेरी मजकूर आहे. म्हणजे एकाच माणसाच्या धोतराच्या निऱ्या तीन ठिकाणी तीन तऱ्हेने पडलेल्या दिसतात. सुट्या पानाखाली नुसते ‘सोल्विन्स’ लिहिले तर वाचकाला यांतले कोणते पान आपल्यासमोर आहे हे कळत नाही. पुस्तकातून पाने सुटी करण्याने नेमके हेच होते : समोरच्या पानावरचा मजकूर तुटतो आणि चित्राला अंदाजाने नाव पडते. आपल्याकडे अजून बांधलेला खंड असेल तर प्रदर्शनासाठी तो कधीही उसवू नका. एक पान उघडे ठेवून दाखवा आणि ठरावीक दिवसांनी पान बदला.

कागदाकडे वळू. पान उजेडासमोर धरले की जुन्या कागदात चाळणीच्या तारांच्या समांतर खुणा दिसतात. १७५०च्या दशकात इंग्लंडमध्ये जेम्स व्हॉटमनने विणलेल्या जाळीचा, या खुणा नसलेला कागद काढला. मालिकेवर १७२० साल आहे आणि कागदात तारांच्या खुणा नाहीत, तर छाप नंतरचा. १७९४ नंतर इंग्रजी कागदात जलचिन्हाबरोबर (कागद करतानाच त्यात उमटवलेली, उजेडासमोर दिसणारी खूण) साल येऊ लागले. त्यामुळे मुखपृष्ठावर १८०४ आणि जलचिन्हात १८२० नंतरचे साल, अशी विसंगती पकडता येते. जलचिन्हाचे साल नेहमी नोंदवा. छाप त्याच्या आधीचा असूच शकत नाही. अतिनील दिव्याखाली कागद निळसर पांढरा चमकला तर त्यात विसाव्या शतकाच्या मध्यानंतरचे उजळकारी द्रव्य आहे आणि ते आधुनिक पुनर्मुद्रण आहे, भले कडेला पत्र्याची खूण दाबलेली असो. अशी खोटी खूण यंत्राने नंतर दाबतात. भिंगाखाली रांगेत बसलेले सारख्या अंतराचे ठिपके दिसले की ती छायाचित्रावरून केलेली यांत्रिक छपाई; विषय संपला. खऱ्या ठशाची शाई मात्र कागदावर किंचित उठलेली असते. तिरक्या उजेडात ती उंची डोळ्यांना दिसते. हात लावायची गरज नाही.

छायाचित्रांबद्दल दोन कळकळीच्या विनंत्या. एक, चित्र कापून दाखवू नका. पत्र्याची खूण, समास, कडेचे डाग आणि खालचा संपूर्ण मजकूर यांसह आख्खे पान घ्या, इंचाला किमान ६०० बिंदू, शेजारी रंगपट्टी आणि मोजपट्टी. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून रंग सुधारू नका; त्या सुधारणेत फिकट गुलाबी आणि पिवळा हमखास जातात. दोन, प्रत्येक पानाची आणखी तीन छायाचित्रे घ्या : मागची बाजू, कडेने साधारण १५ अंशांवरून पडणाऱ्या उजेडातले पान आणि मागून उजेड देऊन जलचिन्ह. मोठा संग्रह असेल तर सगळे एकदम होणार नाही हे आम्ही समजतो. निदान जी पाने कोणी अभ्यासासाठी मागवतो, ती बाहेर काढली आहेत तोवर हे काम उरकून घ्यावे. आणि पडताळणी करताना छायाचित्र कुठे आडवे उलटलेले नाही ना, हे खालच्या अक्षरांवरून पाहावे. अक्षरे कापून टाकलेली असली की ही चूक पकडता येत नाही.

माऊंटविषयी थोडक्यात. खिडकी पत्र्याच्या खुणेपासून चारही बाजूंनी निदान ५ मिलिमीटर बाहेर कापा, नाहीतर खूण झाकली जाते. पुठ्ठा आम्लमुक्त हवा. स्वस्त पुठ्ठ्याच्या कडेने कागदावर जी तपकिरी चौकट उमटते ती परत जात नाही. पान वरच्या कडेला दोनच जपानी कागदी बिजागऱ्यांनी, गव्हाच्या खळीने लावा. चारही कडा चिकटवल्या तर दमट हवेत कागद फुगतो आणि त्याला जागा न मिळाल्याने लाटा येतात. चिकटपट्टी कोणतीही नको. काच कागदाला टेकू देऊ नका. उजेड ५० लक्सच्या (लक्स हे उजेडाचे माप) आत आणि सलग तीन महिन्यांहून जास्त नाही. रंगवलेले पान पाण्याने किंवा विरंजकाने धुण्याचा विचारही मनात आणू नका. जलरंग पाण्यातच विरघळतो.

नोंद कशी असावी याचा एक नमुना देतो. आकडे निव्वळ समजण्यापुरते आहेत : ‘एचिंग, काही ठिकाणी उत्कीर्णन, तांब्याचा पत्रा. पत्र्याची खूण २३४ × १७२ मिमी, कागद ३१० × २२५ मिमी. विणीचा कागद, जलचिन्ह १८११. उत्तरकालीन छाप, ओढणीतील बारीक रेषा झिजलेल्या. हाताने रंगवलेले, निळा रंग समासातील फाट्यात शिरलेला, बहुधा नंतरचा. चित्राची बाजू : उलटी (शिवणारा हात डावा). नक्कल : होय, आधीच्या मालिकेवरून. पत्र्यावरील मजकूर जसाच्या तसा. आजचे स्थलनाव वेगळ्या रकान्यात. वेषाचे वर्णन : रंग वगळून.’ एवढे लिहायला सवय झाल्यावर एका पानाला वीस मिनिटे लागतात. पत्र्यावरचा मजकूर मूळ शुद्धलेखनासह उतरवा, चुकीचा असला तरी. त्यात कुठल्या समाजाला उद्देशून आज खटकणारा शब्द असेल, तर तो पुसू नका आणि आपल्या शीर्षकातही आणू नका. त्याची जागा मजकुराच्या रकान्यातच आहे.

शेवटची एक गोष्ट. जुन्या पानांच्या मागे पेन्सिलीने लिहिलेले आकडे, विक्रेत्यांच्या खुणा, जुन्या संग्राहकांचे शिक्के असतात. पान स्वच्छ करताना ते कृपया खोडू नका. एखादे सुटे पान कोणत्या खंडातून निघाले हे पुष्कळदा त्या एका आकड्यावरूनच कळते, आणि त्याच खंडाची बाकीची पाने आपल्याच दुसऱ्या कपाटात असू शकतात.

कळावे, लोभ असावा.

आपले,
जुन्या मुद्राचित्रांचे काही अभ्यासक, नोंदकार व जतनकार